मोकाट वळू, मधला बांध आणि शेजारी: गोठेवाल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

गेल्या वर्षी 14 जूनला पहाटे साडेचारला धार काढायला उठलो, तर गोठ्यातून साखळी ओढल्याचा आवाज येत होता. बॅटरी मारली. दावणीच्या शेवटच्या खुंट्याला माझी 14 महिन्यांची कालवड, आणि तिच्या अंगावर एक चौसा, म्हणजे चार दातांचा, खोंड. काळाबांडा, संकरित, गळ्यात दावं नाही, नाकात वेसण नाही. मी काठी आपटली तरी त्यानं मान वळवली नाही. काम उरकून खाली उतरला, गव्हाणीतल्या मुरघासाचे चार घास घेतले आणि घरच्या जावयासारखा पाणंदीनं निघून गेला.

उजाडल्यावर कळलं की आदल्या रात्री तो शेजारच्या आण्णांच्या हत्तीघासात होता. आण्णांच्या पोरानं 11 वाजता बॅटरी घेऊन त्याला हाकलला आणि तो बांध ओलांडून माझ्याकडं आला. मी तिथंच उभ्या उभ्या चार शब्द जास्त बोललो. आण्णा म्हणाले, "आरं, त्यो काय माझा हाय व्हय? देवाचा हाय." पुढचे दोन महिने आमच्या मधल्या बांधावरून कुणी कुणाला रामराम घातला नाही.

माझं गाव खटाव तालुक्यातलं, गोठ्यात लहानमोठी 9 जनावरं. त्या दोन महिन्यांत काय चुकलं आणि नंतर काय जमलं, ते इथं क्रमानं लिहितो. खटाव-माणच्या माळावर, कराड-वाळव्याच्या उसात किंवा तासगावच्या द्राक्षबागेत, तिन्हीकडं थोडाफार फरक करून हे चालेल.

आधी बघा, वळू आहे कुणाचा

"मोकाट" हा शब्द आपण फार लवकर वापरतो. गावात फिरणाऱ्या वळूंचे ढोबळमानानं तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला देवाचा. नवस फेडायला किंवा घरातलं कुणी गेल्यावर सोडलेला. जुन्या काळी अशा वळूला गावात मान असायचा, कारण गावातल्या सगळ्या गाई त्याच्यावरच भरायच्या. खिल्लार चांगली राहिली त्यात या पद्धतीचा वाटा आहे. आता कृत्रिम रेतनानं गाई भरवायला डॉक्टर येतो, पण वळू सोडणं काही ठिकाणी चालूच आहे.

दुसरा मालक असलेला, पण दिवसा घरी आणि रात्री मोकळा. वैरण महाग झाली की अशांची संख्या वाढते. ओळख सोपी: पोट भरलेलं, अंग खरारा केल्यासारखं, आणि माणसाला बुजत नाही. रात्री पाठलाग करू नका. पहाटे तो कुठल्या वस्तीवर परत जातो तेवढं लांबून बघा.

तिसरा टाकून दिलेला. हे बहुतेक जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकरातले खोंड. वशिंड नीट नाही म्हणून मानेवर जू बसत नाही, उन्हात धाप लागते म्हणून औताला चालत नाहीत, बैलगाडा शर्यतीला तर कुणी विचारतच नाही. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्यानं गाईंच्या कत्तलीवर बंदी होतीच, 2015 पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळं अशा खोंडाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि अंधारात टेंपोतून शेजारच्या गावच्या शिवेवर उतरवणं सुरू झालं.

माझ्या कालवडीवरचा खोंड तिसऱ्या प्रकारातला निघाला. उजव्या कानाच्या पाळीला टिकलीएवढं गोल भोक होतं, कडा बऱ्या झालेल्या. म्हणजे कधीतरी त्याला नोंदणीचा 12 अंकी बिल्ला होता आणि सोडताना कुणीतरी तो कापून काढला होता. बिल्ला शाबूत असेल तर त्याचा फोटो काढा. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या नंबरावरून नोंदणीचा मालक सापडतो. 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदीविक्री आणि वाहतूक करायची नाही असा नियमही झालाय, त्यामुळं मालक "मी कधीच विकला" म्हणाला तर कुणाला विकला हे त्याला सांगता आलं पाहिजे.

पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगराकडं असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. रात्री उसात शिरलेलं जनावर गवा तर नव्हतं? गव्याचे चारी पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे असतात. गव्यानं पीक खाल्लं तर वनखातं पंचनामा करून भरपाई देतं. वळूनं खाल्लं तर वनखात्याकडून काही मिळत नाही. म्हणून काही जण वळूलाच गवा करतात. वनरक्षक खूर आणि शेण बघून ओळखतो, फजिती करून घेऊ नका.

वळू समोर उभा असताना

यावर फार लिहीत नाही, पण एवढं घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. वळू धावून येण्याआधी सांगतो. तो आधी आडवा उभा राहून आपलं सगळं अंग दाखवतो, मान खाली घालतो, फुरफुरतो, पुढच्या पायानं माती उकरतो. ही चार लक्षणं दिसली की पाठ न दाखवता, नजर ठेवून, तिरकं तिरकं मागं सरायचं आणि ट्रॉली, झाड, भिंत असं काहीतरी मध्ये घ्यायचं. पळत सुटलेल्या माणसामागं तो हमखास लागतो. कुत्रं बरोबर असेल तर तो कुत्र्यावर धावतो आणि कुत्रं पळत येऊन तुमच्याच पायात शिरतं, म्हणून कुत्रं बांधूनच जा. कोपऱ्यात कोंडलेल्या वळूला पळायला वाट ठेवा. आणि एकट्यानं जाऊ नका, हातात कितीही चांगली काठी असली तरी.

एखादा ओळखीचा, गरीब वळू अचानक अंगावर यायला लागला, घोगरा हंबरतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीय असं दिसलं तर पिसाळल्याची शंका घ्या. तोंडात काही अडकलंय का म्हणून हात घालू नका. 1962 या टोल-फ्री नंबरावर पशुवैद्यकीय मदत मिळते, तिथं फोन करा आणि कुणाला लाळ लागली असेल तर जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

गाय भरली गेली तर

पिकाचं नुकसान दिसतं, हे दिसत नाही. खरा खर्च इथंच होतो.

पहिलं काम: तारीख, वेळ आणि जनावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गाय सरासरी 280 दिवसांनी विते. माझ्या कालवडीचा हिशेब 21 मार्चला येत होता. ही तारीख हातात असली की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात.

दुसरं: जनावर खरंच माजावर होतं का ते आठवा. माज 21 दिवसांनी येतो आणि 12 ते 18 तास टिकतो. माजावर नसलेली गाय वळूला उभीच राहत नाही. पण दावणीला आखूड बांधलेली कालवड पळू शकत नाही. तिला इजा झालीय का, कंबर धरलीय का, निरणातून (योनीतून) रक्त येतंय का हे त्याच सकाळी बघा.

तिसरं: हा गर्भ ठेवायचा का नाही, हे ठरवा. मोठी, दोनतीन वेत झालेली गाय असेल आणि वळू निरोगी दिसत असेल तर बरेच जण ठेवतात. मीही ठेवला असता. पण माझ्या कालवडीच्या छातीचा घेर फितीनं मोजून वजन काढलं तर 210 किलोच्या आसपास भरलं. संकरित कालवड पहिल्यांदा भरवताना 250 ते 275 किलोची असावी. लहान कालवडीच्या पोटात मोठ्या वळूचं वासरू म्हणजे विताना अडणार, ओढून काढावं लागणार, कालवड कायमची बसण्याची भीती.

गर्भ नको असेल तर डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. इथं घाई नुकसान करते. माज संपल्यावर पहिल्या पाचसहा दिवसांत हे इंजेक्शन काम करत नाही, कारण ज्या पिवळ्या गाठीवर ते काम करतं ती अजून पक्की झालेली नसते. माझ्या डॉक्टरांनी 12 व्या दिवशी दिलं, चौथ्या दिवशी कालवड परत माजावर आली. तो माज आम्ही सोडून दिला. तिला चार महिने खाऊ घालून वजनाला आणली आणि मग भरवली. हे औषध कातडीतून अंगात जातं. गरोदर बाई आणि दम्याचा माणूस यांनी बाटलीला हातही लावू नये. घरी आणून कुणाकडून टोचून घेण्याचं हे औषध नव्हे.

चौथं रोगांचं, आणि इथं अजिबात कंजुषी नको. मोकाट वळू दहा गावच्या गाईंवर जाऊन आलेला असतो. त्याच्याकडून जे येतं ते लगेच कळत नाही. गाय वारंवार उलटायला, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर यायला लागते, आपण चाऱ्याला आणि रेतन करणाऱ्याला नावं ठेवतो. किंवा सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. गाभडण्यामागं ब्रुसेलोसिस असेल तर तो माणसालाही होतो: उतरून परत चढणारा ताप, सांधेदुखी, महिनोन् महिने अशक्तपणा. गाभडलेलं वार आणि वासरू उघड्या हातानं उचलायचं नाही, हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरायचं. कुत्र्याला टाकायचं नाही. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

वळू गोठ्यात शिरल्यावर दीडदोन महिन्यांनी त्या जनावराचं रक्त तपासायला द्या. लगेच तपासलं तर रोग असूनही नसल्याचा निकाल येऊ शकतो. ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, 4 ते 8 महिने वयात, आयुष्यात एकदाच टोचतात. 2019 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती आणि लाळ्या-खुरकुताची लस मोफत मिळते. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनं शिकवलेलं विसरू नका: माशा, डास, गोचीड वळूच्या अंगावरून येतात आणि आपल्या जनावरांवर राहतात. वळू जिथं उभा होता तिथलं शेण-मूत उचला, जागा धुऊन चुना मारा, गोचिडाचं औषध सगळ्या दावणीला एकाच दिवशी करा.

शेजाऱ्याशी कसं बोलायचं

आमच्याकडं रात्रीचा एक खेळ चालतो, त्याला नाव नाही पण सगळ्यांना माहीत आहे. वळू माझ्या शेतात आला की मी त्याला तुझ्यात घालतो, तू तात्यांच्यात, तात्या ओढ्यापलीकडं. पहाटेपर्यंत वळू शिवाराची प्रदक्षिणा घालून परत पहिल्याच्या बांधावर. प्रत्येकाची झोप मोडते, प्रत्येकाचं थोडं थोडं पीक जातं आणि प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्यानं मुद्दाम केलं. मी आण्णांच्या पोराला शिव्या घातल्या, पण त्याआधीच्या आठवड्यात मीच तो वळू माझ्या मक्यातून आण्णांच्या बाजूला हाकलला होता. हे मी त्या भांडणात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

तर क्रम असा ठेवा. घटना घडली त्या सकाळी बोलायला जाऊ नका. रागात माणूस वळूवरून सुरू करतो आणि 20 वर्षांपूर्वीच्या बांध कोरण्यावर जातो. संध्याकाळी जा, धारा झाल्यावर, त्यांच्या ओट्यावर. वडीलधारा असेल तर आधी चहा होऊ द्या. "तुमच्यामुळं" हा शब्द टाळा. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच म्हणालो, "आण्णा, माझी कालवड गेली असती, तुमचा हत्तीघास गेला. आता त्यो परत यायच्या आत काय करायचं?" आण्णांनी पानाचा डबा पुढं सरकवला. तिथंच निम्मं काम झालं.

शेजारी तऱ्हेतऱ्हेचे असतात. जो वळूला रोज भाकरी घालतो, त्याच्या श्रद्धेवर बोलून उपयोग नाही. उलट त्यालाच विचारा: "काका, तुमच्या हाताला येतोय, तर मोरकी तुम्हीच घाला." मोरकी म्हणजे तोंडाला बांधायची दोरी; ती घालून वळू पकडायला असा माणूस सोन्यासारखा असतो. ज्याच्या बांधाला खिंड पडलीय आणि जो बुजवत नाही, त्याला मजुरी वाटून घेऊ म्हणा. बहुतेक वेळा अडचण पैशाची नसते, "मीच का" ही असते. आणि ज्याचा वळू स्वतःचाच आहे आणि जो रात्री मुद्दाम सोडतो, त्याला एकदा एकट्यानं, एकदा दोन वडीलधाऱ्यांसमोर सांगा. तिसऱ्यांदा कागद.

आमच्या वस्तीवर शेवटी 11 घरं बसली. तीनच गोष्टी ठरल्या. वळू दिसला की हाकलायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं आणि तिथंच वैरण टाकून थांबवायचा. पकडायला प्रत्येक घरातून एक माणूस. खर्च जनावरांच्या संख्येवर नाही, घरटी सारखा. संख्येवर ठेवला असता तर मोजणीवरूनच भांडणं झाली असती.

कागदपत्रं: कधी आणि कोणती

पहिल्या दिवसापासून पुरावा गोळा करा, वापरायची वेळ नाही आली तर बरंच. मोबाइलवर वळूचा दोन्ही बाजूंनी फोटो, कान, शिंगं, काही डाग असेल तर तो. पिकात खुरांचे ठसे शेजारी काठी ठेवून, म्हणजे माप कळतं. नुकसानीचा पंचनामा पोलीस पाटील आणि दोन पंचांसमोर, गट नंबर लिहून. डॉक्टरांच्या तपासणीची चिठ्ठी आणि औषधांची बिलं.

अर्ज ग्रामपंचायतीला, दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यायची. मजकूर साधा ठेवा: "अमुक तारखेला अमुक वर्णनाचा मोकाट वळू आमच्या गट नंबर अमुकमधील पिकात व गोठ्यात शिरून नुकसान झाले आहे. जीवितास धोका आहे. त्यास पकडून कोंडवाड्यात ठेवण्याची व मालकाचा शोध घेण्याची कार्यवाही व्हावी." खाली जितक्या घरांना त्रास आहे तितक्या सह्या. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो, अकरा सह्यांचा मासिक सभेत निघतो.

कोंडवाड्याचा मूळ कायदा 1871 चा. पीक तुडवणारं जनावर शेतकऱ्यानं धरावं आणि 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं, आणि धरलेलं जनावर जबरदस्तीनं सोडवून नेणाऱ्याला शिक्षा, हे त्यात आहे. पुढं 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातही कोंडवाड्याची तरतूद आली. अडचण अशी की निम्म्या गावांत कोंडवाडा म्हणजे चार पडक्या भिंती आणि त्यात उगवलेली बाभळ. तसं असेल तर जनावर कुणाच्या तरी गोठ्यात बांधून त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोलीस पाटलाच्या कानावर घाला. बांधलेल्या जनावराला चारापाणी द्या. उपाशी ठेवलंत तर तुम्हीच गुन्ह्यात.

मालक सापडला आणि ऐकत नसेल तर भारतीय न्याय संहितेचं 291 कलम त्याला लागू पडतं: ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोसवत नाही म्हणून जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

दुसरी बाजूही ऐका. रागाच्या भरात वळूवर अ‍ॅसिड टाकणं, कुऱ्हाड मारणं, गुळात विष घालणं असले प्रकार होतात. त्याला न्याय संहितेच्याच 325 कलमाखाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. मला तर कलम नसतं तरी ते बघवलं नसतं. पाठीवरची कातडी सोललेला एक वळू मी एका गावात पाहिलाय, माशा घोंगावत होत्या आणि तो उकिरड्यावर उभा होता.

पोलीस ठाण्याआधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समितीची, म्हणजे गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या समितीची, पायरी वापरा. ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हा गृहमंत्री आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील. आज काही गावांत समिती नावालाच उरलीय, काही गावांत अजून चांगलं काम करते. समितीपुढं झालेली तडजोड लिहून, सह्या घेऊन ठेवा.

पकडायचा कसा

हिरोगिरी नको. आम्ही तीन वेळा दोरखंड घेऊन पळापळ केली, एकदा माझाच चुलतभाऊ विहिरीच्या काठावरून परतला. चौथ्यांदा डोकं वापरलं.

पक्क्या पाइपचा, दार असलेला एखादा मुक्त गोठा निवडा. आत दोन गरीब गाई बांधा, त्यातली एक माजावर असेल तर उत्तम, पण ती आडपडद्यामागं ठेवा, नाहीतर पकडण्याआधीच पुढचा हिशेब सुरू. दारापासून आतपर्यंत उसाचे वाढे आणि थोडी पेंड टाका. चार दिवस दार उघडंच ठेवायचं, वळूला सवय लागू द्यायची. पाचव्या दिवशी तो आत गेल्यावर लांबून दोरीनं दार ओढायचं. आमचा वळू तिसऱ्याच रात्री आत येऊन रवंथ करत बसला.

आत आला म्हणून लगेच जवळ जाऊ नका. रात्रभर शांत राहू द्या. सकाळी डॉक्टरांना बोलवा, गरज वाटली तर ते गुंगीचं इंजेक्शन देतात. मग मोरकी, मग वेसण, मग खोडा. वेसण डॉक्टरांकडूनच. आणि कासरा हाताला गुंडाळून कधीही धरायचा नाही. आमच्या गावात दोन बोटं गेलेला माणूस आहे, बैल तसा गरीबच होता.

पकडलेल्या वळूचं काय

ग्रामपंचायतीकडं आणि पोलीस पाटलाकडं नोंद झाली, मालकासाठी ठरलेली मुदत पाळली, कुणी आलं नाही. आता?

खिल्लार खोंड असेल तर काळजी नको. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी दिल्यापासून पुसेगावच्या यात्रेत, खरसुंडीच्या बाजारात अंगानं बरा खिल्लार बघायला माणसं वाकून उभी असतात.

संकरित असेल तर खच्ची करणं हा सगळ्यात व्यवहारी मार्ग. जुनी दगड-लाकडानं बडवायची रीत विसरा, तो छळ आहे आणि जनावर दगावतं. डॉक्टर बधिर करून चिमट्यानं करतात, कातडी फाटत नाही. पावसाळ्यात शक्यतो टाळा. नंतर महिना-दीड महिना तरी गाईंपासून लांब ठेवा, आधीचं बीज उरलेलं असतं. आणि खच्ची केला की दुसऱ्या दिवशी गरीब होईल ही आशा नको. रग हळूहळू उतरते, कुंपण मोडायची शिकलेली सवय तर राहतेच.

गोशाळेत द्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा. सरकारनं 2024 मध्ये गोशाळांना एका गाईमागं दिवसाला 50 रुपयांचं अनुदान जाहीर केलं ते देशी गाईंसाठी. काळ्याबांड्या वळूला सहसा "जागा नाही" हेच उत्तर येतं. काही ठिकाणी वर्षाच्या वैरणीचे पैसे भरून घेतात, तेही वाईट नाही. नेताना डॉक्टरांचा आरोग्य दाखला, बिल्ल्याची नोंद, ग्रामपंचायतीचं पत्र आणि गोशाळेचं स्वीकारल्याचं पत्र गाडीत ठेवा आणि दिवसाउजेडी न्या. रात्री वळू भरलेली गाडी रस्त्यात अडवली गेली की समजावून सांगायला कुणी वेळ देत नाही.

कुंपण

काटेरी तारेवर मोकाट वळूचा फारसा विश्वास नाही, तो तिच्यावर मान खाजवतो. माणदेशात घायपात आणि शेराचं जुनं कुंपण अजून सगळ्यात टिकाऊ, पण वाढायला वेळ लागतो. सध्या आमच्याकडं झटका मशीन आहे. बॅटरीवर चालतं, साधारण सेकंदाला एक झटका, दणका जोरात पण क्षणभर. तीन तारा: दीड, अडीच आणि साडेतीन फुटांवर. मधली वळूच्या नाकाला लागली पाहिजे, कारण तो नाकानंच चाचपतो. उन्हाळ्यात आपली जमीन वाळली की अर्थिंग जातं आणि तार नुसती शोभेची उरते, म्हणून अर्थिंगच्या सळईपाशी आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. तारेला टेकलेलं गवत काढत राहा. पिवळी पाटी लावा आणि शेजाऱ्याला आधी सांगा, त्याची म्हातारी आई कुठल्या वाटेनं येते ते तुम्हाला माहीत आहे.

घरातल्या विजेची तार सरळ कुंपणाला जोडणं म्हणजे सापळा लावणं. माणसं मेलीत, जोडणारे तुरुंगात गेलेत.

गोठ्यात एक छोटी दुरुस्ती फार कामाला येते: माजावर आलेलं जनावर रात्री रस्त्याकडच्या खुंट्याला बांधू नका, आतल्या बाजूला घ्या. वळूला वास लांबून लागतो. माझी कालवड शेवटच्या, पाणंदीकडच्या खुंट्याला होती, ही चूक माझी.

खोंड जन्मालाच कमी घालणं

आपल्या गोठ्यातून वर्षाला किती खोंड बाहेर पडतात आणि ते कुठं जातात, हे प्रत्येक गोठेवाल्यानं एकदा वहीत लिहून बघावं. मी लिहिलं. आठ वर्षांत 13 खोंड, त्यातले 7 एका व्यापाऱ्याला "पोसायला" दिले. ते पुढं कुठल्या गावच्या शिवेवर उतरले असतील, मी कधी विचारलं नव्हतं.

लिंगनिर्धारित रेतमात्रा आता मिळतात, त्यातून 90 टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. गाय राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी पडतं, म्हणून ती तरण्याताठ्या, उलटत नसलेल्या जनावराला वापरा आणि माजाची वेळ नीट साधा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आण्णांनी आणि मी एकाच डॉक्टरांकडून मात्रा मागवायच्या असं ठरवलंय, येण्याचा खर्च वाटून जातो.

यंदा माझ्याकडं तीन गाई व्याल्या. दोन कालवडी आणि एक खोंड. खोंडाच्या कानात बिल्ला मारलाय. आण्णा म्हणतात, दुसा, म्हणजे दोन दातांचा, होईपर्यंत माझ्या दावणीला राहू दे, मग चिमटा लावून माझ्या छकड्याला घेतो. वशिंड फारसं नाही त्याला, हे मी त्यांना दोनदा सांगून झालंय.